बारा बारीक लाटा

"उद्याचा अंदाज. सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत दाढेवर दक्षिण-नैऋत्येकडून लाट, उंची दीड ते दोन मीटर, एकीमागून दुसरी पंधरा सेकंदांनी. वारा जमिनीवरून, हलका, लाटेचं तोंड साफ. दहानंतर वारा फिरून समुद्राकडून येईल आणि लाट विस्कटेल. होड्यांना दार सकाळी बऱ्यापैकी उघडं. नेमकी वेळ अर्धा तास आधी फोनवर येईल."

हे मी रोज संध्याकाळी पाच वाजता मुणगीवेळ गावाच्या भोंग्यावरून वाचते. भोंगा देवळाजवळ, आवाज माझा, पगार लाटवेध केंद्राचा. पहिली चार वाक्यं पाहुण्यांसाठी. ते कुठून कुठून येतात, फळीवर उभे राहून लाटेवरून घसरतात आणि ओरडतात. शेवटची दोन आमच्यासाठी. लाटा त्यांच्या, लाटांमधल्या फटी आमच्या, अशी सरळ वाटणी आहे, आणि गावात तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार असलीच तर माझी आहे, आणि ती मला करता येत नाही.

दाढ म्हणजे किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरवर पाण्याखाली पसरलेली कातळाची रांग. ओहोटीला तिची टोकं म्हाताऱ्याच्या उरलेल्या दातांसारखी वर येतात. खोल समुद्रातून निवांत आलेली लाट या कातळावर पाय अडखळून कोसळते. पाहुण्यांना हवं असतं ते तेवढंच. रांगेत एकाच जागी तीन होड्या मावतील एवढी मोकळीक आहे, तिला आम्ही दार म्हणतो. आत-बाहेर करायचं तर तिथूनच. मोठ्या लाटांचा घोळका येतो तेव्हा दारही उकळतं. घोळका गेला की थोडा वेळ पाणी शांत होतं, त्या फटीत होडी काढायची. होडीतला माणूस पाण्याच्या पातळीवर बसलेला. त्याला पुढचीच लाट दिसते, तिच्या मागची नाही. म्हणून किनाऱ्याच्या टोकाला उंच कातळावर एक माणूस उभा असायचा, हातात बांबू आणि बांबूला लाल कापड. बावटा वर गेला की होडी सुटायची.

तो माणूस म्हणजे माझे वडील, जनार्दन कोयंडे, गावाचे जनूतात्या. चाळीस वर्षं त्यांनी बावटा धरला. त्यांचा हिशेब एकच होता. मोठ्या लाटा सरल्या की बारीक लाटा मोजायला लागायचं. बारा झाल्या की बावटा उचलायचा. बाराच्या आत पुन्हा मोठी आली तर मोजणी फुकट, पुन्हा एकपासून सुरुवात. कधी कधी दोन दोन तास बारा पुऱ्या व्हायच्या नाहीत. बाहेर होड्या ताटकळायच्या, त्या हाकणारे तांडेल आईबहिणीवरून ओरडायचे. बाबा ढिम्म. प्रत्येक बावट्याची वेळ शाळेच्या वहीत लिहायचे आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे.

एवढं करूनही माणसं जायची. चाळीस वर्षांत नऊ गेली. माणूस गेला की अकराव्या दिवशी बावटेकऱ्याने बांबू घेऊन त्या घरी जायचं, अंगणात उभं राहायचं. घरातल्या बाईने, आई असो की बायको, आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांबूला बांधायची आणि म्हणायचं, "दर्यान न्हेलो, बावट्यान न्हेलो नाय." झालं. त्यानंतर त्या मरणाबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. कोर्ट नाही, भांडण नाही. बाबांच्या बांबूवर नऊ गाठी आहेत. सातवी हिरवी, बारीक काठाची. ती माझ्या आईने बांधलेली, माझ्या भावासाठी, रुपेशसाठी. घरातच राहणाऱ्या माणसाने घराच्या अंगणात बांबू घेऊन उभं राहायचं आणि त्याच्याच बायकोने गाठ बांधायची. मी ते ओसरीवरून पाहिलं आहे.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते, कारण ते लपवून गोष्ट रंगवायची मला हौस नाही. त्या सकाळी बावटा बाबांच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता.

बावटा बाईच्या हातात द्यायचा नाही, हा गावाचा नियम. पण मी बारा वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर कातळावर जायची आणि त्यांची पाठ दुखायला लागली की बांबू माझ्याकडे यायचा. होडीतून फक्त कापड दिसतं, हात दिसत नाही. ओळखायचा तो एकटा रुपेश. "तुझो बावटो मोटारीच्या वायपरसारखो हलता," म्हणून चिडवायचा. त्या दिवशी, ऑक्टोबरात, बाबांना ताप होता. ते कातळाखाली घोंगडी घेऊन बसले होते आणि मी वर उभी होते. मी एकवीस वर्षांची. सव्वासातच्या एसटीने मला ओरोसला जायचं होतं, तलाठ्याच्या परीक्षेला. रुपेशची होडी रात्रभर जाळं मारून बाहेर थांबली होती. मी बारा मोजल्या आणि बावटा उचलला. होडी दारात असताना लाट आली. त्याच्याबरोबरचा खलाशी पोहून वर आला. रुपेश दोन दिवसांनी खाडीत सापडला.

गर्दी जमायच्या आत बाबा घोंगडीसकट वर आले, माझ्या हातातून बांबू घेतला आणि म्हणाले, "बावटो माझो." वहीत त्यांनीच लिहिलं, सहा बेचाळीस. परीक्षेला अर्थात मी गेले नाही.

बावीस वर्षं मी एकाच गोष्टीवर काढली: मी बारा मोजल्या होत्या. नियमाप्रमाणे केलं होतं. दर्याने नेला.

लाटवेध केंद्र आलं त्याला आता पाच वर्षं झाली. मधल्या काळात माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. केंद्राला गावातलं कुणीतरी हवं होतं ज्याला समुद्रही कळतो आणि संगणकही. मुलाखत घेणाऱ्या इरावती सबनीस या केंद्राच्या प्रमुख, पुण्याच्या, समुद्रशास्त्रात मुरलेल्या. त्यांनीच मला हे सगळं समजावलं आणि ते इतकं सोपं करून समजावलं की त्यांचा राग करणं मला आजही जमत नाही.

आपल्याकडे वारा नसतानाही लाट येते, ती कुठून? तर आठ हजार किलोमीटर दक्षिणेला, जिथे वादळं एकामागून एक फिरत असतात, तिथून. वादळ तिथेच विरतं, त्याच्या लाटा मात्र निघतात. लांब लाट वेगाने चालते, आखूड हळू. म्हणून अठरा सेकंदांची लाट साडेसहा दिवसांत आपल्याकडे पोचते आणि चौदा सेकंदांची त्यानंतर दोन दिवसांनी. वादळ उपग्रहाला दिसलं की आठवडाभर आधी कळतं, दाढेवर कोणत्या दिवशी काय येणार. पाहुणे त्यावर विमानाची तिकिटं काढतात. शेवटच्या टप्प्यासाठी केंद्राने समुद्राच्या तळावर तीस किलोमीटर लांबीची काचेची तार टाकली आहे. वरून लाट गेली की पाण्याचा भार तारेवर पडतो, तार केसापेक्षाही कमी ताणली जाते आणि तिच्यातून जाणारा प्रकाश ते सांगतो. प्रत्येक लाट अशी अर्धा तास आधी दिसते. बाबा ज्या लाटा कातळावरून पाहायचे त्या दारापासून दोन मिनिटांवर असायच्या.

केंद्र सुरू झाल्यापासून दारात एक माणूस गेलेला नाही, हेही लिहायला हवं. तांडेल आता फोनवर हिरवी खूण बघतात आणि सुटतात. बाबांचा बांबू ओसरीवर टांगलेला असतो. पहिलं वर्षभर ते तरीही पहाटे कातळावर जायचे, रिकाम्या हाताने. मग तेही थांबलं.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण इरावती मॅडमना एक दिवस सड्यावरच्या खोलीची किल्ली हवी झाली.

गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, भूकंप मोजायचं एक जुनं यंत्र आहे, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी खात्याने बसवलेलं. भूकंप कधी झाला नाही, यंत्र मात्र चालूच राहिलं. "समुद्र जमिनीला सतत ठोकत असतो, रेश्मा," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "दाढेवर लाट फुटली की सडा थरथरतो. आपल्याला कळत नाही, पण या यंत्राला कळतं. भूकंपवाल्यांच्या लेखी ही कटकट आहे, ते ती पुसून टाकतात. आपण ती वाचायची. आता तार आणि सडा एकत्र वाचून यंत्राला शिकवलं की कोणत्या लाटेची थरथर कशी, मग जुन्या नोंदी त्याच्यापुढे ठेवायच्या. तीस वर्षांत दाढेवर फुटलेली प्रत्येक लाट परत मिळेल."

उद्याचा समुद्र सांगणारं यंत्र आता कालचा समुद्र सांगायला लागलं. मॅडमना ते वादळांच्या अभ्यासासाठी हवं होतं. यंत्र पडताळायला त्यांना बावट्याच्या वेळा हव्या होत्या, आणि बाबांच्या एकोणसाठ वह्या मीच त्यांना आणून दिल्या. बाबांनी विचारलं, "कित्याक व्हये तेंका?" मी म्हटलं, अभ्यासाला. खरंच अभ्यासालाच हव्या होत्या. बाबांच्या हजारो बावट्यांत मॅडमना हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच चुका सापडल्या. त्या बाबांना भेटायला आल्या आणि वाकून नमस्कार करून गेल्या. बाबा खूश झाले होते. मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेवंतीकाकी केंद्रावर आली. तिचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी दिराच्या होडीवर गेला होता. तिने बांबूला चिंधी बांधली होती आणि तेव्हापासून त्याच दिराच्या घरात भाकऱ्या थापत होती. होड्यांवर पंचवीसेक वर्षांपासून सरकारी यंत्र आहे, दर दहा सेकंदांनी होडीची जागा नोंदवणारं. ती नोंद, सड्याची थरथर आणि बाबांची वही एकत्र ठेवली तेव्हा दिसलं की बावटा वर गेलाच नव्हता. दिराने आधीच होडी घातली होती. लिलावाला पहिलं पोचायचं म्हणून. हे पहिल्यांदा केंद्रातल्या कुणीतरी दिरालाच सांगितलं, आणि काकीला चार महिने कळू दिलं नाही.

मी संतापले. ग्रामसभेत मीच उभी राहिले. ज्याचं माणूस गेलं त्याला सगळ्यात आधी कळलं पाहिजे, मी ओरडून बोलले, हात आपटून बोलले. ठराव मीच लिहिला: दारातल्या कोणत्याही मृत्यूचा जुना समुद्र यंत्रावर काढला, तर त्याचा अहवाल त्याच क्षणी नोंदीतल्या वारसाच्या फोनवर आपोआप जाईल, खाली अहवाल काढणाऱ्याचं नाव असेल, आणि तो कुणालाही थांबवता येणार नाही. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "बरा बोललंस गो चेडवा."

त्यानंतर दोन वर्षांत गावातली सहा घरं तुटली. एका आईला कळलं की तिचा मुलगा दारू पिऊन नव्हे तर दुसऱ्याच्या घाईने गेला होता. एकीला उलटं कळलं. बायका आमच्या ओसरीवर यायच्या, बाबांना नमस्कार करायच्या आणि बांबूवरची आपली चिंधी सोडून घेऊन जायच्या. त्यांचा राग बाबांवर नव्हता. पण दर्याने नेला हे आता खोटं होतं, आणि खोटी गाठ कुणाला ठेवायची नव्हती. नऊपैकी तीन उरल्या. त्यांत हिरवी होतीच.

आईने कधी केंद्राकडे मागणी केली नाही. "माझ्या घरात बावटो होतो," ती म्हणायची. "माका काय इचारुचा?"

विचारायचं होतं ते मला. बारा मोजल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण यंत्राच्या शेजारी रोज आठ तास बसायचं, उत्तर त्यात आहे हे माहीत असायचं आणि हात लावायचा नाही, हे किती दिवस जमणार? मी बरोबर होते हे एकदा यंत्राच्या तोंडून ऐकलं की बस, एवढंच मनात होतं. ठराव आडवा येत होता, पण त्यातून मी वाट काढली होती. वारस म्हणजे वडील, घरचा कर्ता. आणि बाबांचा फोन त्यांना वापरता येत नाही म्हणून माझ्याच टेबलाच्या खणात पडलेला असतो. अहवाल तिथे वाजेल आणि मी पुसून टाकीन. स्वतःच्याच नियमाला मी अशी बगल देणार होते.

मार्चमधली दुपार होती. वारा फिरला होता, लाट विस्कटली होती, पाहुणे जेवायला गेले होते. मी तारीख टाकली.

सात मिनिटं लागली. पडद्यावर त्या सकाळची दाढ उमटली, एकेक लाट उंचीसह. मी बोट ठेवून मोजायला लागले. सहा चाळीसला मोठा घोळका संपला. मग एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. सातवीनंतर रुपेशची होडी जागेवरून हलली होती. आठवी तीन मीटरची होती.

मी पुन्हा मोजलं. सातच.

खाली यंत्राने नेहमीच्या थंड भाषेत कारण दिलं होतं. त्या दिवशी दोन वेगळ्या वादळांच्या लाटा एकाच वेळी पोचल्या होत्या, एक सोळा सेकंदांची, दुसरी साडेचौदाची. अशा दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की दर दहा लाटांनी त्या एकत्र जोर करतात आणि मधे एकमेकींना खाऊन टाकतात. तीन मोठ्या, सात बारीक, पुन्हा तीन मोठ्या. मधलं शांत पाणी खरं नसतं. मॅडमच्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द मीच शोधून दिला होता, आणि तो तिथे छापलेला होता: फसवी फट. बारा मोजणारा माणूस अशा दिवशी कधीच फसला नसता. शेवटची ओळ होती, "दार खऱ्या अर्थाने सकाळी आठ पस्तीसला उघडलं."

माझी एसटी सव्वासातची होती.

बारा मोजल्याचं मला अजूनही आठवतं. आठ, नऊ, दहा, ओठ हलवत मोजल्याचं आठवतं. त्या लाटा समुद्रात नव्हत्याच. एसटी चुकू नये म्हणून मी सातवर बावटा उचलला आणि उरलेल्या पाच नंतर कधीतरी डोक्यात घालून घेतल्या.

खणातला फोन वाजायची मी वाट पाहत बसले. तो वाजला नाही. मी नोंद उघडली. रुपेशच्या विम्याच्या कागदावर त्याने स्वतः वारस लिहिला होता. आई.

मी स्कूटर काढून घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर स्टुलावर चढून बांबूवरची गाठ सोडत होती. फोन पायरीवर पालथा पडला होता. बाबा खांबाला टेकून उभे होते.

"सात," आई म्हणाली. गाठ सुटेना म्हणून तिने दातांनी ओढली. "बारा म्हणान गावभर मिरयत होतास. सगळ्यांच्या पोरांक बारा मोजलास. माझ्या झिलाकच सात?"

बाबा म्हणाले, "ताप होतो माका."

"ताप होतो तर उचलूचो नाय होतो!"

"आये, ऐक," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिथेच थांबले. त्याचं खापर मी त्यांच्यावर फोडणार नाही. त्यांनी फक्त पाहिलं. गप्प मी राहिले.

आईने चिंधी कमरेला खोवली, पिशवीत दोन लुगडी घातली आणि तरीच्या होडीने खाडीपलीकडे मामाकडे निघून गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार तिने पाऊण तासात आवरला.

ती गेल्यावर बाबा पायरीवर बसले. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी तिला सांगणार. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगतलंस?"

"बावटा माझ्या हातात होता म्हणून."

"वयेत माझा अक्षर हा. गप रव."

"मी सात मोजल्या बाबा. मला बारा आठवतात, पण सातच होत्या."

त्यांनी पायरीवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "माका ठावक हा."

"काय?"

"मी खालसून मोजीत होतंय. लाट दिसा नाय, पण आवाज येय. सात झाली आणि बावट्याची फडफड आयकलंय." त्यांनी हात गुडघ्यांवर घासले. "तोंड उघडलंय, तुका हाक मारूक. मगे वाटला, वर तू उभी असंस, तुका कायतरी दिसला आसतला. म्हणान आराडलंय नाय. आता बोल, कोणाचो बावटो तो?"

माझ्या लग्नाचा काळ सोडला तर बावीस वर्षं एका घरात आम्ही समोरासमोर जेवलो. मी बारा म्हणत होते आणि ते सात म्हणत होते, दोघेही मनात. मला त्यांचा राग आला. एक हाक मारायला काय जात होतं? मग स्वतःचा आला आणि त्यात त्यांचा बुडून गेला.

"तिका माझ्यावर रागावांदे," बाबा म्हणाले. "म्हातारो घोव गेलो तर चलता. झील गेलो, आता चेडूय गेला तर ती जगाची नाय."

आठ दिवस मी केंद्रावर गेले, अंदाज वाचला, परत आले. बाबांना भात टाकला. गावात कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या पोरांना बाबांनी चाळीस वर्षं सुखरूप आत घेतलं तेच लोक ओसरीकडे न बघता जायला लागले. नवव्या दिवशी दुपारी मी तरीने पलीकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. तरीत बसल्या बसल्या वाक्य तयार केलं, लहान, दोनच शब्दांचं, फिरवाफिरवीला जागा न ठेवणारं: बावटो माझो. बाबांचंच वाक्य.

आई मामाच्या पडवीत सुकी सुंगटं निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला केलं. नऊ दिवसांत ती वाळली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"आये," मी म्हटलं, "त्या दिवशी कातळावर..."

"त्या दिवसाचा नाव काडू नको." ती पटकन म्हणाली. "माका सगळा कळला हा. तेच्या खाली तुझा नाव होता, माका वाचूक येता. अहवाल काढणार, रेश्मा कोयंडे. सख्ख्या बापाशीचा काडलंस आणि लपवलंस नाय. सभेत बोललंस तसाच वागलंस." तिचे डोळे भरले. "बावीस वर्सां त्या घरात माका कोणी खरा सांगूक नाय. तू सांगलंस."

मी तोंड उघडलं. बाबांनीही तसंच उघडलं असेल, कातळाखाली.

"माका आता तूच रवलंस," आई म्हणाली आणि कमरेची हिरवी चिंधी काढली. "ही जाळूक गेललंय, हात धजलो नाय. झिलाच्या नावाची ती. खोट्या काठयेर नको, खऱ्या हातार रवांदे." तिने माझा उजवा हात ओढून घेतला, मनगटाला चिंधी गुंडाळली आणि दोन गाठी मारल्या. दुसरी दातांनी आवळली.

मी काही बोलले नाही. तिच्यासाठी बोलले नाही की माझ्यासाठी, हे मी पुष्कळदा तपासलं आहे. पहिल्या वेळी मला आई दिसते, दुसऱ्या वेळी मीच दिसते.

पाच वाजता मी भोंग्यासमोर होते. मॅडमनी अंदाजाचा कागद पुढे सरकवला, मनगटाकडे पाहून म्हणाल्या, "लागलं का काही?" मी नाही म्हटलं आणि बटण दाबलं.

"उद्याचा अंदाज. सकाळी सहापासून दाढेवर दोन लाटा एकदम. दक्षिणेकडून सोळा सेकंदांची, नैऋत्येकडून साडेचौदाची. उंची अडीच ते तीन मीटर. वारा जमिनीवरून, हलका, लाटेचं तोंड साफ. पाहुण्यांसाठी उत्तम. होड्यांना सूचना. मधे मधे पाणी शांत दिसेल. ती फट फसवी आहे. घाई करू नये. दार साडेआठनंतर."

घरी आले तेव्हा बाबांनी बांगड्याची कढी करून ठेवली होती. त्यांनी भोंगा ऐकला होता. आम्ही समोरासमोर बसलो. मी भाताला हात घातला आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर थांबली. काठ त्यांनी लगेच ओळखला.

"सांगलंस तिका?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

मग कढीचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सोडू नको हां ती. तुझी आवस येतली तेवा पयली तीच बघतली."

मी जेवले. चिंधी कढीत बुडत होती. मी ती तशीच बुडू दिली.